रंग सावळा, बांधा मध्यम

आमच्या इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा नवरा चार दिवस घरी आला नव्हता. मिसिंग दाखल करायला मावशींसोबत मी पोलीस ठाण्यात गेले. हवालदारांनी फॉर्म पुढे ओढला आणि विचारायला सुरुवात केली. वय? उंची? मावशींनी हात डोक्याच्या थोडा वर धरून दाखवला. रंग? ‘सावळा.’ बांधा? मावशींनी माझ्याकडे पाहिले. ‘मध्यम लिहू?’ हवालदारांनीच विचारले. चेहरा उभट, नाक सरळ, केस काळे, अंगात निळा शर्ट. पाच-सात मिनिटांत मजकूर तयार झाला. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, पासपोर्ट फोटोखाली आपण हा मजकूर रोज पाहतो आणि न वाचता पान उलटतो.

मी तो पुन्हा वाचला तेव्हा जाणवले की ठाण्याच्या बाकावर बसलेल्या निम्म्या पुरुषांना तो लागू पडत होता. हे वर्णन एका माणसाचे नव्हतेच, एका प्रकारच्या माणसांचे होते. त्या दिवसापासून मेलेल्या माणसाची ओळख कशी लागते यावर जे मिळेल ते मी वाचत आले आहे. विशेषतः सगळे संपल्यावरही जे उरते त्याबद्दल, म्हणजे दात आणि कवटी.

मराठीत आपण ओळख ‘पटली’ म्हणतो. हिशेब पटतो, दोघांचे एकमेकांशी पटते, तशीच ओळख पटते. पटायला दोन बाजू लागतात. एका बाजूला मिळालेली कवटी असते. दुसऱ्या बाजूला त्या माणसाची जिवंतपणीची नोंद असावी लागते: दंतवैद्याचा कागद, एक्स-रे, फोटो, निदान कोणाची तरी आठवण. माझे म्हणणे एवढेच आहे की गेल्या शंभर-दीडशे वर्षांत या शास्त्राला जे खरे यश मिळाले ते या दोन बाजू जुळवण्यात मिळाले. आणि जिथे नुसती कवटी हातात धरून माणसाची जात-जमात, वंश, लायकी वाचायचा हट्ट झाला तिथे घोर अनर्थ झाला.

नुसती कवटी काही सांगतच नाही असे नाही. भुवयांवरचा उंचवटा, कानामागच्या हाडाचा आकार, हनुवटीची ठेवण यांवरून बाई की पुरुष याचा अंदाज बांधता येतो. कमरेचे हाड मिळाले तर तो अधिक पक्का होतो. लहान मुलाचे वय दातांवरून फार जवळचे कळते, कारण दुधाचे वीस दात आणि नंतरचे कायमचे दात एका ठरलेल्या क्रमाने तयार होतात. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, अक्कलदाढ सतरा ते पंचविशीच्या दरम्यान. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे घरांच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली लहान मुले सापडली. साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीची ती मुले किती वयाची होऊन गेली, हे त्यांच्या हिरड्यांतून अर्धवट वर आलेल्या दातांनी सांगितले. मोठ्या माणसाच्या बाबतीत मात्र वय धूसर होत जाते. कवटीच्या सांध्यांवरून वय काढायची जुनी पद्धत तर फारच बेभरवशाची.

आणखी एक गोष्ट मला चैन पडू देत नाही. हे अंदाज ज्या मोजमापांवर उभे आहेत त्यांतली बरीचशी अमेरिकेतल्या दोन मोठ्या सांगाड्यांच्या संग्रहांवरून आली, एक क्लीव्हलंडचा आणि एक सेंट लुईसचा. ते सांगाडे बहुतांशी गरिबांचे, इस्पितळांत मेलेल्या, कोणी न्यायला न आलेल्या माणसांचे. म्हणजे अनोळखी मृताची ओळख पटवण्याचे शास्त्र बेवारस मृतांच्या हाडांवरच शिकले गेले आहे. त्यांचे हे देणे आपण कोणत्या खात्यात मांडायचे?

कवटी आणि फोटो जुळवण्याचा सर्वांत गाजलेला खटला १९३५-३६चा. त्याचा एक धागा मुंबईत आहे. बख्तियार रुस्तमजी रतनजी हकीम हा मुंबईत जन्मलेला पारशी. मुंबई विद्यापीठाची वैद्यकीची पदवी घेऊन तो इंग्लंडला गेला आणि लँकेस्टरमध्ये डॉ. बक रक्सटन या नावाने दवाखाना चालवू लागला. सप्टेंबर १९३५ मध्ये त्याच्यासोबत पत्नी म्हणून राहणारी इझाबेला आणि घरातली तरुण मोलकरीण मेरी रॉजरसन दोघी नाहीशा झाल्या. महिनाअखेरीस स्कॉटलंडमध्ये मॉफॅट गावाजवळच्या एका घळीत कागदांत आणि कापडांत गुंडाळलेले मानवी अवयवांचे तुकडे सापडले.

ज्याने हे केले त्याला शरीर ठाऊक होते. एका देहाच्या बोटांची टोके कापली होती, दात उपटले होते, चेहऱ्याची कातडी सोलली होती. ओळख कुठे कुठे राहते हे जाणणाऱ्यानेच ती एकेक जागा पुसत नेली होती. एका कवटीतले डोळे काढलेले होते. मेरीच्या एका डोळ्यात तिरळेपणा होता. म्हणजे पुसलेली जागाच बोट दाखवत होती.

ग्लासगोचे जॉन ग्लेस्टर आणि एडिंबराचे शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स ब्रॅश यांनी तुकडे लावून दोन देह उभे केले. मग ब्रॅश यांनी कवट्या फोटोंवर बसवायला घेतल्या. इझाबेलाचा रत्नजडित मुकुट घातलेला एक स्टुडिओतला फोटो होता. फोटोतला चेहरा प्रत्यक्षात केवढा, हे कसे ठरवायचे? त्यांनी तो मुकुटच मिळवला, मोजला, आणि त्या मापाने फोटो खऱ्या चेहऱ्याएवढा मोठा करून घेतला. मग कवटी त्याच कोनात धरून तिचा फोटो काढला आणि एकावर एक ठेवला. डोळ्यांच्या खोबणी, नाकाचे मूळ, हनुवटी यांच्या रेषा मिळाल्या.

या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. ब्रॅश यांनी मेरीची म्हणून जुळलेली कवटी इझाबेलाच्या फोटोवरही बसवून पाहिली आणि इझाबेलाची मेरीच्या. बसल्या नाहीत. म्हणजे ‘जुळते’ एवढे म्हणून ते थांबले नाहीत, ‘जुळत नाही’ हेही त्यांनी दाखवले. शिवाय एकट्या फोटोवर त्यांनी भार टाकला नाही. रॉजरसनच्या बोटांचे ठसे घरातल्या वस्तूंवरच्या ठशांशी मिळाले. अवयव ज्या वर्तमानपत्रात गुंडाळले होते तो १५ सप्टेंबरचा ‘संडे ग्राफिक’चा खास लँकेस्टर-मोरकँब भागापुरता छापलेला अंक होता. १२ मे १९३६ रोजी रक्सटनला फाशी झाली. आपल्याकडे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम बंगालच्या एका खून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कवटी-फोटोच्या जुळणीचा पुरावा ग्राह्य धरला. ती वाट याच कामाने घालून दिलेली होती.

ही सावधगिरी सोडली की काय होते तेही दिसून आले आहे. दात स्वतः साक्षीला असणे निराळे आणि कातडीवर उमटलेला चाव्याचा वण वाचणे निराळे. कातडी ताणते, सुजते, रंग बदलते. अमेरिकेत अ‍ॅरिझोनात एका माणसाला १९९२ मध्ये चाव्याच्या खुणेवरून दोषी ठरवून मृत्युदंडाची शिक्षा सुनावली गेली. दहा वर्षांनी डीएनएने तो निर्दोष ठरला. दोन्हींना एकाच नावाने ‘दंतपुरावा’ म्हणणे मला धोक्याचे वाटते.

दातांची बाजू बळकट का, हे पाहायला फार खोल जावे लागत नाही. दाताचे वरचे कवच, एनॅमल, शरीरातला सर्वांत कठीण भाग. त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के हिस्सा खनिजाचा. आगीत, पाण्यात, मातीत सगळे गेल्यावर तो उरतो. त्यात बत्तीस दात, प्रत्येकाच्या पाच बाजू. कुठे चांदी भरलेली, कुठे कॅप, कुठे काढलेल्या दाढेच्या जागी शेजारची कललेली. तीस-चाळीस वर्षे जगलेल्या माणसाचे तोंड दुसऱ्यासारखे निघणे फार अवघड. पण एका अटीवर: ते तोंड कोणीतरी आधी पाहून लिहून ठेवलेले असले पाहिजे.

१८४९ मध्ये बॉस्टनचे धनाढ्य डॉ. जॉर्ज पार्कमन नाहीसे झाले आणि हार्वर्डच्या प्रयोगशाळेतल्या भट्टीत कवळीचे तुकडे सापडले. ते ओळखले कवळी बनवणाऱ्या दंतवैद्यानेच. नेथन कीप यांनी तीन वर्षांपूर्वी ती घाईघाईने करून दिली होती आणि जबड्याचा प्लास्टरचा साचा जपून ठेवला होता. तुकडे साच्यात बसले. साक्ष देताना कीप यांना रडू आवरले नाही. पुढे ४ मे १८९७ रोजी पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजाराला आग लागून सव्वाशेच्या आसपास माणसे गेली. बहुतेक खानदानी घरांतल्या बायका. दागिने-कपड्यांवरून जे देह ओळखता येईनात त्यांच्यासाठी दंतवैद्य बोलावले गेले आणि आलांसोँच्या डचेसचा देह तिच्या दंतवैद्याने ओळखला. पॅरिसमध्ये राहणारे क्यूबन दंतवैद्य ऑस्कर आमोएदो यांनी पुढच्याच वर्षी या विषयावर ग्रंथ लिहिला. या शास्त्राचा जन्म असा झाला, श्रीमंतांच्या तोंडातल्या सोन्यावर. त्याच आगीत एखादी मोलकरीण जळाली असेल तर तिचा दंतवैद्य कोणाला बोलावता आला असता?

आता दुसऱ्या टोकाकडे वळते, कारण तिथे एक मराठी बाई उभी आहे.

१९२७ मध्ये बर्लिनच्या दालेम भागात मानववंशशास्त्र, आनुवंशिकी आणि सुप्रजननाची एक संस्था उघडली. संचालक ऑयगेन फिशर. जर्मन वसाहतींतून आणलेल्या कवट्या तिथे कपाटांत रचलेल्या होत्या. इरावती कर्वे तिथे फिशर यांच्या हाताखाली पीएच.डी. करायला गेल्या. त्यांचा विषय होता मानवी कवटीतला डाव्या-उजव्या बाजूंचा असमतोल. युरोपीय माणसाची बुद्धी वरचढ, म्हणून त्याच्या कवटीची ठेवणही निराळी, असे गृहीतक गुरूंच्या मनात होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि तसा फरक आढळत नाही असे लिहिले. वय पंचविशीच्या आत, देश परका, परीक्षक स्वतः फिशर. मोजपट्टीने जे सांगितले तेवढेच लिहायचे, हा त्यांचा करारीपणा त्यांचे ‘युगान्त’ वाचणाऱ्यांना अनोळखी वाटणार नाही.

त्यानंतर काही वर्षांनी, १९३५ मध्ये, म्युनिकला एका तरुणाने मानववंशशास्त्रातली पीएच.डी. मिळवली. विषय होता चार वांशिक गटांतल्या खालच्या जबड्याचा पुढचा भाग. जबडा पाहून वंश सांगता येतो असा त्याचा दावा होता. त्याचे नाव योझेफ मेंगेले. आउश्वित्झच्या छळछावणीतून त्याने मारलेल्या माणसांचे डोळे आणि रक्ताचे नमुने ज्या संस्थेकडे जात होते ती दालेमचीच. त्या वेळी तिचे संचालक फिशर यांचे उत्तराधिकारी आणि मेंगेलेचे गुरू होते.

१९७९ मध्ये ब्राझीलच्या समुद्रकिनारी पोहताना मेंगेले मेला आणि एम्बूला खोट्या नावाने पुरला गेला. जून १९८५ मध्ये ती कबर उघडली. जर्मनीहून आलेले रिशार्ड हेल्मर यांनी कवटीवर ठिकठिकाणी खुणेच्या टाचण्या लावल्या. चेहऱ्यावर कुठे किती जाडीचे मांस असते याचे ते माप. मग दोन कॅमेऱ्यांनी कवटी आणि जुने फोटो एकाच पडद्यावर एकमेकांत मिसळले. टाचण्यांची टोके फोटोतल्या कातडीला येऊन टेकली. वरच्या पुढच्या दोन दातांमधली त्याची फट नोंदींत होती आणि जबड्यातही. पुढच्या वर्षी साओ पाउलोच्या एका दंतवैद्याकडे त्याचे एक्स-रे मिळाले, तेही जुळले. १९९२ मध्ये डीएनएनेही दुजोरा दिला.

जबड्यावरून माणसांचे गट पाडणाऱ्याला त्याच्या एकट्याच्या जबड्याने पकडून दिले. त्या कवटीने तो कोणत्या वंशाचा हे सांगितले म्हणून ओळख पटली नाही. तिने सांगितले की हाच तो, दुसरा कोणी नाही. इरावतीबाईंच्या १४९ कवट्या आणि एम्बूच्या कबरीतली ही एक कवटी माझ्या लेखी एकच साक्ष देतात. गटाच्या नावाने हाड विचाराल तर ते धड उत्तर देत नाही, माणसाच्या नावाने विचाराल तर देते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. दातांवरून प्रदेश तर कळतो ना? कळतो. पंजाबात अमृतसरजवळ अजनाल्याला २०१४ मध्ये एका जुन्या विहिरीतून शेकडो माणसांची हाडे आणि हजारो दात निघाले. १८५७ च्या ऑगस्टमध्ये २६व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीचे बंड केलेले शिपाई मारून विहिरीत टाकल्याचे तेव्हाचा इंग्रज डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर याने स्वतःच पुस्तकात लिहून ठेवले होते. पण ही हाडे त्यांचीच की फाळणीतल्या कोणाची, असा वाद लागला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ५० नमुन्यांचा डीएनए आणि ८५ दातांच्या एनॅमलमधला ऑक्सिजन तपासला. लहानपणी माणूस जे पाणी पितो त्याची खूण एनॅमलमध्ये कायमची राहते, कारण एकदा बनलेले एनॅमल पुन्हा बदलत नाही. माणसे गंगेच्या खोऱ्यातली निघाली, पंजाबातली नव्हेत. कूपरच्या मजकुराशी ते मिळाले.

मला यात आणि फिशरच्या कपाटात मूलभूत फरक दिसतो. इथे दाताला ‘तू कोणत्या दर्जाचा’ असे विचारलेले नाही, ‘तू कोणत्या नदीचे पाणी प्यालास’ असे विचारले आहे. पण इथेही वाट मध्येच थांबते. उकरताना तज्ज्ञ नव्हते, हाडे एकमेकांत मिसळली, तुटली. आणि कोणाचे दात कसे होते हे कुठेच लिहिलेले नाही. गंगेच्या खोऱ्यापर्यंत आलो, एकाही घराच्या दारापर्यंत पोचलो नाही.

दालेमला हाच प्रश्न उलट बाजूने आला. २०१४ पासून जुन्या संस्थेच्या आवाराजवळ खोदकामात हाडांचे सुमारे १६,००० तुकडे मिळाले. कोणाचे? वसाहतींतले, की छळछावण्यांतले? नावांपर्यंत पोचण्याची आशा नव्हती. तेव्हा ज्या ज्या समाजांची ती हाडे असू शकतील त्यांच्या प्रतिनिधींशी बोलून ठरले की पुढची चिरफाड करून त्यांची गटांत वाटणी करायची नाही. मार्च २०२३ मध्ये ती सगळी एकत्र दफन झाली. मला तो निर्णय बरोबर वाटतो. नाव देता येत नसेल तर निदान लेबल लावू नये.

आता आपल्या घरी. ‘डीएनए असताना दात कशाला’ असे मला पुष्कळांनी विचारले. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान कोसळले तेव्हा ओळख पटवण्याचा मुख्य आधार डीएनए होता, हे खरेच. पण डीएनएलाही दुसरी बाजू लागते. तिथे प्रवाशांची यादी होती आणि नातेवाईक दारात उभे होते. नदीत, रुळांवर, जंगलात मिळालेल्या देहाची यादी नसते. कोणाचे रक्त घेऊन जुळवायचे हेच ठाऊक नसते. तिथे आधी शोध चार-पाच घरांपर्यंत आणावा लागतो, आणि ते काम दात स्वस्तात, त्याच दिवशी करू शकतात.

आपल्याकडच्या गरिबाने दंतवैद्य पाहिलेला नसतो, हे मान्य. पण त्याच्या तोंडात लिहिण्यासारखे काही नसते हे मला मान्य नाही. माझी आजी रोज सकाळी तव्यावर भाजलेली मिश्री बोटाने दातांना लावायची. तिच्या वरच्या दातांच्या मुळाशी काळी कड होती आणि उजव्या हाताची सवय म्हणून डावीकडे ती जास्त गडद होती. तंबाखूचा बार एकाच गालात धरणाऱ्याच्या त्या बाजूच्या दाढा निराळ्या झिजतात. शिंपीकाम करणाऱ्याच्या पुढच्या दाताला धागा तोडून तोडून खाच पडते. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या पाण्यावर वाढलेल्या मुलाच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग जन्मभर राहतात. हे सगळे घरच्यांना माहीत असते. कोणी विचारत नाही.

विचारायला फार काही लागत नाही. मिसिंगच्या फॉर्मवर दातांचा एक रकाना हवा, आणि पासपोर्ट फोटोबरोबर दात दिसतील असा हसरा फोटो मागून घेण्याची रीत हवी. आज घरोघरी मोबाइलमध्ये असे दहा फोटो असतात, आणि कवटीच्या दातांशी जुळवायला असा एक फोटोही उपयोगी पडतो. बेवारस देहाच्या इन्क्वेस्ट पंचनाम्यात ‘तोंड अर्धवट उघडे’ एवढे लिहून थांबू नये. शवागारात दंतवैद्य बोलवावा, बत्तीसही जागांचा तक्ता भरून घ्यावा, आणि देह दफन झाल्यावरही तो तक्ता ठेवावा. आणि दवाखान्यांनी एक्स-रे पेशंटच्या हाती देऊन मोकळे होऊ नये. प्लास्टिकच्या पिशवीतला तो एक्स-रे दिवाळीच्या साफसफाईत जातो. जिथे प्रत्येक तालुक्याला सरकारी दवाखाना आणि पोलीस ठाणे आहे तिथे हे होऊ शकत नाही असे मी मानत नाही. होत नाही, कारण ज्यांचे देह बेवारस राहतात त्यांची घरे ठाण्यात दुसऱ्यांदा विचारायला येत नाहीत. त्यासाठी दिवसाचा रोज बुडवावा लागतो.

त्या दिवशी फॉर्म पुरा झाला होता. सही करून उठताना मावशी म्हणाल्या, ‘साहेब, त्यांचा पुढचा एक दात अर्धा हाय. ल्हानपणी हिरीत उडी मारताना काठावर आपटला.’ हवालदारांनी फॉर्मवर नजर फिरवली. तशी जागा नव्हती. ‘वरचा का खालचा, ताई?’

‘वरचा.’

‘डावा?’

मावशींनी स्वतःच्या दातावर बोट ठेवले. क्षणभर नवरा समोर बसला आहे अशा त्या पाहत राहिल्या, मग बोट दुसऱ्या बाजूला नेले. ‘माझ्याकडून बघितलं तर उजवा,’ त्या म्हणाल्या, ‘म्हंजे त्यांचा डावा.’

हवालदारांनी ‘नाक सरळ’च्या पुढे समासात बारीक अक्षरात तेवढे लिहून घेतले.